चार डावी वळणं

माझ्या दुकानातून नवी सायकल घेऊन कोणी थेट घरी गेलं, असं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. आधी फेरी. दुकानातून निघालं की झेरॉक्सवाल्यापाशी डावीकडे, दवाखान्यापाशी डावीकडे, पाण्याच्या टाकीमागे डावीकडे, शेवटचं डावं वळण किल्ल्या बनवणाऱ्यापाशी, की पुन्हा माझं दार. चार वळणं, सगळा सपाट रस्ता, सात मिनिटं. एखादा आजोबा असला तर दहा. परत आलात की सायकल तुमची. तोवर माझी.

लोकांना वाटायचं, हा खडूस माणूस उगाच मिजास करतो. वाटू दे. कारण साधं होतं. दुकानात माझ्यासमोर माणूस सायकलवर बसतो तेव्हा पोट आत घेऊन, पाठ ताठ करून बसतो. रस्त्यावर गेला की खरा बसतो. म्हणून फेरीसाठी सायकल देताना सीटचे आणि हॅन्डलचे नट मी कच्चे आवळायचो. सपाट रस्त्याला पुरतील एवढे, त्याहून जास्त नाही. फेरी मारून आला की सीट बोटभर वर, बोटभर खाली, हॅन्डल जरा जवळ, आणि मग पक्के. आधीच पक्के आवळून पुन्हा सोडले की तिथला रंग उडतो, आणि नव्या सायकलीला पहिल्याच दिवशी ओरखडा मला खपत नाही.

मी आतला माणूस. दारातलं खातं आमच्या हिचं. दाराशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ती बसायची. निघणाऱ्याला सांगायची, "नट कच्चे आहेत हं, हळू जा आणि परत या." परत आला की विचारायची, "कसं वाटलं?" एवढंच. मी विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, ठीक आहे. तिला मात्र सगळं सांगायचे. गुडघ्याचं दुखणं, ऑफिसातला साहेब, घरात कोण कोणाशी बोलत नाही ते. ती सगळं ऐकून घ्यायची आणि त्यातून नेमकं माझ्या कामाचं तेवढं उचलून आत हाक मारायची, "अहो, सीट बोटभर खाली." गुडघ्याच्या गोष्टीतून हिला सीट कशी सापडते, हे मला कधी कळलं नाही. मी कुरकुरत पाना घेऊन बाहेर यायचो. कुरकुरायला किती बरं वाटायचं, हे आता कळतं.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. स्टूल मी रोज सकाळी बाहेर ठेवतो, संध्याकाळी आत घेतो. त्यावर कोणी बसत नाही, मी बसू देत नाही. एकदा कुरिअरवाल्याने त्यावर खोकं ठेवलं, तर त्याची अशी खरडपट्टी काढली की तो बिचारा आता माझी खोकी फुटपाथवरूनच आत ढकलतो. नट कच्चे आहेत, परत या, हे मी लोकांना सांगायला शिकलो. पण "कसं वाटलं?" काही माझ्या तोंडून निघत नाही. तो तिचा प्रश्न. मी नुसता माणसाचा गुडघा किती वाकतोय ते बघतो आणि मुकाट्याने सीट हलवतो.

दुकान मोडकळीला आलं होतं, हे मान्य करायला हवं. लेक लांबच्या शहरात असते. तिने तिथून फोनवरच माझं नाव एका योजनेत घातलं. योजना अशी, की कंपनी आपल्या माणसाला सायकल घेऊन देते आणि दर महिन्याला पगारातून थोडं थोडं कापून घेते. त्याला करात सूट मिळते. मधे एक योजनावाली कंपनी बसते, ती सगळ्यांची गाठ घालून देते आणि माझ्या नफ्यातला लचका तोडते. ते एक वेळ सोडून देऊ. पण माणसं फोनवरच सायकल निवडतात, तिथेच रंग, तिथेच माप. लहान, मध्यम, मोठं. अहो, सायकल म्हणजे काय बनियन आहे? खोकं माझ्याकडे येतं, मी सायकल जोडतो, माणूस येऊन फोनवरचा आकडा दाखवतो आणि घेऊन जातो. माझ्या तोंडाकडे बघायची गरज पडत नाही.

विक्री मात्र चौपट झाली. लेक म्हणते, बाबा, दुकान तरलं ना. तरलं. खोटं कशाला बोलू, नाहीतर मागच्या वर्षीच कुलूप लागलं असतं. पण पूर्वी सायकल घेणारा तीन वेळा नुसता बघायला यायचा, भाव करायचा, बायकोला दाखवायला आणायचा, आणि घेतली की पंक्चर, ब्रेक, चेन करत वर्षभर येत राहायचा. आता दुरुस्तीलासुद्धा योजनेची फिरती गाडी ऑफिसच्या दारात जाते. दुकान सायकलींनी भरलं आणि माणसांनी ओस पडलं. कधीकधी सकाळी उघडल्यापासून बंद करेपर्यंत मी "इथे सही" याखेरीज एक शब्द बोललेलो नसायचो.

फेरी तरी मी सोडली नव्हती. सही फेरीनंतरच घ्यायचो, म्हणजे झक मारत परत यावं लागायचं. गेल्या महिन्यात योजनावाल्यांनी नवा नियम काढला. सायकल दाराबाहेर पडण्याआधी सही. विम्यासाठी म्हणे. सही ज्याच्या त्याच्या फोनवर, बोटाने; ती झाली की फोन टुण् करतो आणि हिरव्या अक्षरांत येतं, अभिनंदन, सायकल आपल्या ताब्यात आली. त्यानंतर परत या म्हणणारा मी कोण? तरी म्हणत होतो. बहुतेक जण तोंड वाकडं करून का होईना, येत होते. जे नाही म्हणाले त्यांचे नट तिथेच पक्के आवळून दिले.

त्या मंगळवारी तीनच्या सुमाराला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक केस, नखांच्या कडांना रंग. रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करतात. कोणी भिंतीचा टवका आणून देतं, त्यावरून हुबेहूब तसा रंग तयार करायचा. मी काढून ठेवलेल्या सायकलीकडे त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या की फोनवर ही निळी दिसत होती, पण हिच्यात करडा आहे, आणि किंचित हिरवा. मी म्हटलं, असल्या साठ सायकली जोडल्यात मी, निळीच आहे. त्यांनी खिशातून एक निळं बटण काढून सायकलीच्या दांड्याला टेकवलं. च्यायला, खरंच करडी होती. साठ सायकली जोडून मला दिसलं नव्हतं.

मग मी माप घेतलं. भिंतीशी उभं राहायचं, पट्टी त्यांनीच धरायची, मी आकडा वाचायचा. डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण बोट आखूड निघाला. त्या हसल्या. म्हणाल्या, म्हणून माझी एक चप्पल आधी झिजते होय. शेवटची सायकल शाळेत असताना चालवली होती, तीही भावाची, चोरून. मी विचारलं, मग आता कशी काय आठवण झाली? त्या म्हणाल्या, कारखान्यातल्या त्यांच्या खोलीत त्या एकट्याच असतात, रंग वाळेपर्यंत हलता येत नाही, त्यामुळे जेवायलाही सगळे उठल्यावर जातात. योजनेचा कागद फिरत फिरत आला, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

"मी कधी कशात नसते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, यात तरी असावं."

मी त्यांना घंटी कशी वाजते ते दाखवलं. अर्धा तास गेला असेल. इतकं सलग मी कोणाशी बोललो होतो त्याला किती महिने झाले, देव जाणे. मी नट कच्चे आवळले, चार वळणं सांगितली, सही झाली, फोन टुण् झाला. त्या जरा डुगडुगत निघाल्या, झेरॉक्सवाल्यापाशी डावीकडे वळल्या. मी दारात स्टुलाशेजारी उभा राहिलो.

दहा मिनिटं झाली. म्हटलं, नवशिक्या आहेत. वीस झाली. अर्धा तास झाला. मी चालत उलट्या बाजूने सगळी फेरी पालथी घातली. कोणी नाही. परत दारात आलो आणि तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार वळणं मी सांगितली, परत या असंही म्हणालो. पण नट कच्चे आहेत, हे सांगितलं का? ते वाक्य माझं कधी नव्हतंच, दोन वर्षं मी ते पाठ केल्यासारखं म्हणत आलो होतो. त्या दिवशी गप्पांच्या नादात राहून गेलं. चौथ्या वळणाला न वळता सरळ गेलं की कालव्याचा उतार लागतो. कारखान्याकडे एक रस्ता तिकडूनही जातो. खाली पुलाजवळ रस्ता फुटलेला. कच्च्या नटावरचं हॅन्डल त्या उतारावर, त्या खड्ड्यात टिकणार नाही. हॅन्डल एकीकडे, चाक दुसरीकडे, आणि मागून एखादा ट्रक.

माझ्याकडे त्यांचं नाव नाही, नंबर नाही, पत्ता नाही. योजनेत नुसता आकडा असतो. मी योजनावाल्यांना फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड बोलली. ग्राहकाची माहिती देता येत नाही म्हणे. मी म्हटलं, नट ढिले आहेत, जिवाचा प्रश्न आहे. तिने तपासून सांगितलं की ग्राहकाकडून कसलीही तक्रार आलेली नाही. मी म्हटलं, बाई, तक्रार करायला ती आधी उठून बसली पाहिजे ना. त्यावर पुन्हा गाणं लागलं.

मग लेकीला फोन केला. ती म्हणाली, घरी गेल्या असतील हो, हल्ली कोण परत येतं. मी नटांचं सांगितलं. तीही याच दुकानात पान्यांशी खेळत मोठी झाली आहे, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "दुकान बंद करा आणि त्यांना शोधा."

भरदिवसा शटर मी फक्त एकदाच ओढलं होतं, दोन वर्षांपूर्वी. कुलूप दोनदा चुकलं. माझी जुनी सायकल काढली आणि थेट कारखाना गाठला, जाताना मोठ्या रस्त्याने, कारण तो लवकर पोहोचतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, रंग जुळवणाऱ्या बाई आल्या का? तो म्हणाला, आज अर्धी रजा टाकून गेल्यात, सायकल आणायला. नंबर काही देईना. बिचाऱ्याने त्यांच्या खोलीत फोन मात्र लावून पाहिला. मी म्हटलं, त्या खोलीत त्या एकट्याच असतात, उचलणार कोण? तो म्हणाला, हो, खरंच की.

तिथे फाटकाच्या आत सायकलींचा स्टॅन्ड आहे. सगळ्या मीच जोडलेल्या, एका ओळीत. कित्येकींच्या सीटवर बोटभर धूळ, टायर जमिनीला चिकटलेले, पॅडलवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. एरवी माझ्या डोक्यात तिडीक गेली असती. त्या वेळी एवढंच वाटलं, की देवा, बाईंचीही अशीच इथे पडून राहू दे, धूळ खाऊ दे, पण बाई धड असू देत.

परत येताना कालव्याच्या रस्त्याने आलो. सायकल हातात धरून, दोन्ही कडांना बघत. पुलापाशी, फुटलेल्या डांबराजवळ काहीतरी चमकलं. घंटीची टोपी. कोरी, एकही ओरखडा नाही. तीन तासांपूर्वी मीच ती कपड्याने पुसली होती. काठावर बसलो आणि पाण्याकडे बघायची हिंमत करायला वेळ लागला. पाण्यात काही नव्हतं. गवत मात्र दबलेलं होतं. कोणीतरी उचलून दवाखान्यात नेलं असणार. दवाखान्यात जाऊन विचारायचं तरी काय, तर करड्या-निळ्या सायकलवाल्या बाई? निदान योजनेच्या कागदावरचा आकडा तरी हवा, आणि तो दुकानात. टोपी खिशात टाकली आणि निघालो. हिची फार आठवण आली. हिने एक वाक्य न विसरता तेहतीस वर्षं सांगितलं, आणि मला दोन वर्षंही जमलं नाही.

दुकानापाशी पोहोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. शटरसमोर स्टुलावर कोणीतरी बसलेलं. घाईत स्टूल आत घ्यायचं राहिलं होतं. सवयीने माझं डोकं फिरलं, आता चांगलीच सुनावतो म्हणून पुढे झालो, आणि शटरला टेकवलेली सायकल दिसली. हॅन्डल तिरपं, घंटी बोडकी. बाईंच्या उजव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला. मला बघून त्या उठल्या.

"दादा, होतात कुठे? दीड तास बसलेय. दुकान बंद बघून म्हटलं, तुम्हाला काही झालं की काय."

माझी वाट बघत कोणी दारात बसतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

"घरी का नाही गेलात?" मी कसाबसा म्हणालो.

"तुम्ही सांगितलं होतं ना, परत यायचं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. चौथं वळण आलं, पण वळावंसं वाटलं नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि इतक्यात कुठे परत जायचं, असं वाटलं. सरळ गेल्या. उतार लागला तशा ब्रेक धरून हळूच उतरत होत्या, तोच पुलाजवळच्या खड्ड्यात हॅन्डल फिरलं आणि त्या कडेच्या गवतात पडल्या. तळवा सोलवटला, बाकी काही नाही. बराच वेळ तिथेच बसून राहिल्या, मग टाकीकडच्या बोळातून सायकल हाताने ढकलत परत आल्या. मी मोठ्या रस्त्याने गेलो, म्हणून चुकामूक.

मी शटर उघडलं, त्यांचा हात धुऊन औषध लावलं, आणि सांगून टाकलं. नट मी कच्चे ठेवले होते, सांगायला विसरलो, चूक माझी, त्यात तुमचा जीव गेला असता. त्या म्हणाल्या, तुम्ही चार वळणं सांगितली होती, सरळ मी गेले. मी म्हटलं, ते काही नाही, चूक माझीच.

सायकल तपासली. चाक सरळ होतं, त्याला धरणारा फोर्क धड होता. हॅन्डल सरळ केलं. पाना हातात घेऊन उभा राहिलो आणि त्यांचा गुडघा बघावा म्हणून बघितलं, तर त्या पुन्हा स्टुलावर जाऊन बसलेल्या. मी त्यांना उठवलं नाही. आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"कसं वाटलं?"

त्यांनी बराच विचार केला. "डावीकडे पाय पुरत नाही. हॅन्डल लांब पडतं. बाकी," त्या थांबल्या, "फार छान वाटलं. घरी सांगायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फार छान वाटलं."

सीट बोटभर खाली घेतली. हॅन्डल जवळ आणलं. डाव्या पॅडलवर पाऊण बोटाचा रबर चढवला. मग नट. सीटचा पक्का आवळला, हॅन्डलचे एकेक करत गेलो आणि शेवटच्याला हात थांबला. हा आवळला की झालं. यांना परत यायचं काही कारण उरत नाही, दुरुस्तीची गाडी यांच्या फाटकाशीच जाते. क्षणभर मनात काय आलं ते मी कोणाला सांगणार नाही. मग मनगट दुखेपर्यंत आवळला. त्यावर अजून अर्धा वळसा दिला.

"आता पुन्हा फेरी?" त्यांनी विचारलं.

"आता घरी. दिवा लावून, आणि उतारावर दोन्ही ब्रेक धरून."

त्या गेल्या. झेरॉक्सवाल्यापाशी वळल्या नाहीत, सरळ गेल्या. आता डुगडुगत नव्हत्या. लेकीला फोन करून सांगितलं, सापडल्या, धड आहेत. तिने विचारलं, आणि तुम्ही? मी म्हटलं, दुकान बंद करतोय, उद्या बोलू. स्टूल आत घेताना खिशात काहीतरी टोचलं. घंटीची टोपी. द्यायची राहिली. विसरलो म्हणू की नाही, माझं मलाच नीट सांगता येत नाही.

आज त्याला आठवडा झाला. दुरुस्तीच्या फिरत्या गाडीतही नवी घंटी मिळते, मला ठाऊक आहे. टोपी काउंटरवर दारातून दिसेल अशी ठेवली आहे. रोज पुसतो.